बारा खिळे, बारा बुचं

१

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी घागर आभाळातून खाली आली, ती हवाई छत्री न उघडताच. खाऱ्या दलदलीत ती इतकी खोल रुतली की वरचा भाग बाहेर काढायला महिना लागेल, असं खोदकामवाल्यांनी सांगून टाकलं. घागर म्हणजे आमचं मालवाहू यान. आकार तसा, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. ते मलाही पाठ नाही, आणि मी तर चौकशी समितीचा लेखनिक!

आत माणूस कुणी नव्हतं, एवढंच नशीब. पण घागरीची जुळी बहीण कळशी त्या वेळी वरच होती, अवकाशस्थानकाला बिलगलेली. शुक्रवारी सकाळी तिच्यात बसून तिघं जण खाली यायचे होते. त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. स्थानकातली हवा शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली होती आणि उरलेल्या नळकांड्या जेमतेम शुक्रवार दुपारपर्यंत पुरणार होत्या.

तेव्हा प्रश्न सोपा होता आणि जीवघेणा होता. घागर का पडली? ते गुरुवारी चार वाजेपर्यंत सांगा, म्हणजे कळशीला काय करायचं ते कळवता येईल.

बुधवारी सकाळी अध्यक्षांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "मुख्य छत्रीची घडी चुकली," ते म्हणाले. "छत्री गुंतली आणि तिनं राखीव छत्रीलाही अडवलं. कळशीची छत्री त्याच हातानं घडी घातलेली आहे. तेव्हा कळशीची मुख्य छत्री वरूनच कायमची बंद करायची. ती राखीव छत्रीवर उतरेल."

मी टाइप केलं, 'अपघाताचे कारण: मुख्य छत्रीची सदोष घडी. जबाबदार: घडीकार.' तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"आणि कारण दुसरंच निघालं तर?"

या बाई म्हणजे समितीतल्या बाहेरच्या सदस्य. समितीत एक तरी माणूस अवकाशखात्याबाहेरचा हवा असा नियम आहे, म्हणून इमारतींच्या लिफ्ट तपासणाऱ्या या बाईंना बोलावलं होतं. तीस वर्षं त्यांनी पडलेल्या, अडकलेल्या, मधेच लोंबकळलेल्या लिफ्टच्या चौकश्या केल्या होत्या. सगळे त्यांना लिफ्टवाल्या बाई म्हणायचे, आणि त्यात थोडी टिंगल असायची हे त्यांनाही ठाऊक होतं.

"राखीव छत्री उघडते कशानं?" त्यांनी विचारलं.

"उंचीमापकानं," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरची हवा एका नळीतून आत येते. हवा दाट झाली की यंत्राला कळतं, जमीन जवळ आली. मग ते छत्री सोडतं. मुख्य काय, राखीव काय, दोन्हींचं तसंच."

"आणि यंत्रानं सोडलीच नाही तर माणसाच्या हातात काही?"

"कळशीत एक मूठ आहे, ओढायची. पण ती फक्त मुख्य छत्रीची."

"म्हणजे मुख्य बंद केली की मूठही मेली." बाईंनी चष्मा पुसला. "उद्या चारपर्यंत वेळ आहे ना? मग मी जरा फिरून येते. लेखनिकसाहेब, तुमचं ते यंत्र सोडा आणि वही घ्या."

अठ्ठावीस वर्षं मी खुर्चीत बसून मीटिंगा लिहिल्या होत्या. मी असा उठलो की खुर्ची मागे पडली.

२

छत्र्यांची खोली लांबच लांब होती. मधोमध एकच टेबल, पण ते चाळीस पावलं लांबीचं. त्याच्या टोकाला ज्या बाई बसल्या होत्या त्यांना सगळा कारखाना मावशी म्हणतो. बावीस वर्षं यानांच्या छत्र्यांना त्याच घडी घालत आल्या आहेत.

"आलात?" मावशी म्हणाल्या. "कुठं सही करायची तेवढं दाखवा."

"सही कशाची?"

"माझ्याच हातून चुकलं म्हणून. सकाळपासून सगळे माझ्याकडं असं बघतायत, जशी मी घागर हातानंच खाली फेकलीय."

लिफ्टवाल्या बाई टेबलाला टेकल्या. टेबल डुगडुगलं. त्या दचकून बाजूला झाल्या.

"त्याचा एक पाय आखूड आहे," मावशी म्हणाल्या. "तीन वर्षं सांगतेय. चंद्रावर माणूस पाठवायचे बेत करतील, पण टेबलाला पाय लावणार नाहीत."

"चुकलंय का तुमच्या हातून?"

मावशींनी पांढऱ्या रेशमी कापडाचा एक पट्टा ओढला आणि घडी घालायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..." प्रत्येक घडीला एक आकडा, ना घाई ना उशीर. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. साठावी घडी पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बरोबर साठ सेकंद! मावशी, तुमच्यात घड्याळ बसवलंय की काय?"

"सवय. मोजलं नाही तर हात धावतो, आणि हात धावला की घडी तिरकी जाते. माझी लेक लहानपणी या टेबलाखाली बसून माझ्याबरोबर मोजायची. शाळेत जाण्याआधी तिला पाचशेपर्यंत येत होतं."

"कुठं असते लेक आता?"

मावशींचे हात थांबले. त्यांनी बोटानं छताकडे दाखवलं.

मला आधी कळलंच नाही. वरच्या मजल्यावर कामाला असेल असं वाटलं. मग कळलं. कळशीची चालक म्हणून जी बाई वर होती, ती यांची मुलगी.

"तिची छत्री मीच घडी घातलीय," मावशी म्हणाल्या. "आईनं घातलेली घडी आहे म्हणून ती हसत हसत गेली. आता हे म्हणतात ती छत्री बंद करून टाकू. माझं नाव खराब होऊ दे हो, नोकरी जाऊ दे. पण चूक माझी नसेल आणि यांनी भलतंच काही बंद केलं, तर माझी पोर खाली कशी येणार?"

बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

"लिफ्ट पडली की सगळे आधी दोर बघतात," त्या म्हणाल्या. "कारण दोर दिसतो. मी शेवटी बघते. चला, घागर बांधली कुठं ते दाखवा."

३

जोडणीच्या दालनात शिरताना अंगावर पांढरा झगा चढवावा लागतो. त्यात मी कणकेच्या गोळ्यासारखा दिसतो, पण तो भाग सोडा. दालनाच्या डाव्या अंगाला घागर तयार झाली होती, उजव्या अंगाला कळशी. मधे जमिनीवर पिवळी रेघ होती. डावीकडचे फोरमन आणि उजवीकडचे फोरमन एकमेकांचे सख्खे साडू, आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण? कुठल्याशा घरगुती समारंभातल्या फोटोत थोरल्या साडूंना मागच्या रांगेत उभं केलं होतं! धाकटे साडू पुढच्या रांगेत, तेही खुर्चीवर बसलेले.

बाईंनी आधी थोरल्या साडूंना गाठलं. त्यांच्या मागे भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर बारा खिळे.

"हे काय?"

"बुचांचा फळा. यानाला बारा भोकं असतात, नळ्यांची, हवेची. बांधताना आत धूळ जाऊ नये म्हणून प्रत्येकाला पितळी बूच लावतो, त्याला लाल फीत. यान निघण्याआधी बुचं काढायची आणि या खिळ्यांवर टांगायची. बारा खिळे भरले की बारा भोकं उघडी. मग फोटो काढून फाइलला लावतो."

"एखादं बूच राहून गेलं असं?"

थोरले साडू दुखावल्यासारखे हसले. "फोटो बघा ना बाई. खिळा रिकामा असता तर दिसला असता."

फोटो माझ्याकडच्या फाइलमध्ये होता. बारा खिळे, बारा बुचं. अकरा फिती धुऊन धुऊन विटलेल्या होत्या, आणि खाली उजव्या कोपऱ्यातली शेवटची चांगली लालभडक होती. बाईंनी फोटो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"आणि एखादं बूच हरवलं तर काय करता?"

"हरवत नाही," साडू फटकन म्हणाले. "इथं साधा स्क्रू हरवला तरी घंटा वाजते. सगळ्या दालनाचं काम बंद, रेघेच्या दोन्ही बाजूंचं. वस्तू सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. वर भोंग्यावरून फोरमनचं नाव पुकारतात."

"म्हणजे तुमच्याकडं काही हरवलं, तर ते त्या बाजूच्यांनाही ऐकू जाणार."

थोरल्या साडूंचे कान लाल झाले. "मी म्हटलं ना, हरवत नाही."

पिवळी रेघ ओलांडून आम्ही धाकट्या साडूंकडे गेलो. तोच फळा, तेच खिळे, तीच उत्तरं. "त्यांच्याकडं हरवत असेल," एवढं जास्तीचं. कळशीची बुचं अजून टांगलेलीच होती. सगळी काळपट पडलेली. शेवटचं तेवढं पितळ दिव्याखाली चमकत होतं. मी ते पाहिलं आणि पुढे गेलो. इतकी वर्षं दुसऱ्यांचं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचे डोळे वापरायची सवय राहत नाही.

"लेखनिकसाहेब," दाराशी आल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "त्या जाडजूड फाइलीत दोन्ही यानांची वजनं असतील ना? बुचं काढल्यानंतरची?"

मी पानं उलटली. वजन करणाऱ्यानं दोन्ही पानांवर बारीक अक्षरात शेरा मारला होता. तो कुणी वाचला नव्हता, कारण शेरे वाचायचे नसतात, फक्त मारायचे असतात असा आमच्याकडे समज आहे. घागर: हिशेबापेक्षा दोनशे चाळीस ग्रॅम जास्त. कळशी: दोनशे चाळीस ग्रॅम जास्त. 'नव्या कॉलरचा चिकटा असावा.' कॉलर म्हणजे यानाच्या मानेभोवती चिकटवून बसवलेलं नवं कडं.

बाई थेट मागे फिरल्या, धाकट्या साडूंच्या फळ्यावरून पहिलं बूच उचललं आणि शेजारच्या तराजूत टाकलं. काटा सरकला आणि थांबला.

दोनशे चाळीस.

४

"म्हणजे बूच राहिलंच होतं!" मी वऱ्हांड्यात जवळजवळ ओरडलोच.

"हळू. बारा बुचं खिळ्यांवर आहेत, तुम्हीच पाहिलीत. मग यानावर तेरावं आलं कुठून?"

माझा फुगा फुटला. त्या मात्र भरभर चालत होत्या. साठीची बाई, पण मला त्यांच्यामागे अक्षरशः पळावं लागत होतं.

कारखान्यातला लेथ चालवणारा कारागीर मागच्या शेडमध्ये बसतो. कानानं थोडा जड आणि जिभेनं त्याहून जड. बाईंनी त्याच्याशी आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, त्याच्या लेथचं कौतुक केलं, मग खाली वाकून पत्र्याच्या डब्यातले चकचकीत पिवळे कीस चिमटीत घेतले.

"पितळ. इथं तर सगळं काम ॲल्युमिनियमचं चालतं ना?"

"असतं कधीतरी," तो म्हणाला.

"बुचं केलीत का हो तुम्ही? गेल्या दोन-तीन महिन्यांत?"

त्यानं लेथ सुरू केलं. बाईंनी हात पुढे करून ते बंद केलं.

"दादा, वर तीन माणसं आहेत. परवा ती दगडासारखी खाली येतील."

कारागिराचा चेहरा पडला. बराच वेळ तो हातातलं फडकं पिळत बसला. "मी शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला. "आणि बाई, मी शब्द मोडणारा माणूस नाही. काय केलं ते मी सांगणार नाही, कुणासाठी तेही सांगणार नाही."

"बरं. नका सांगू." बाई उठल्या. "फक्त एवढंच सांगा, हा शब्द तुम्ही एकाला दिलाय ना?"

कारागिरानं मान हलवली. नाही.

त्यानं फडकं खाली ठेवलं आणि दोन बोटं वर केली.

५

गुरुवारी दुपारी दोन वाजता बाईंनी दोन्ही साडूंना एकाच खोलीत बसवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते एका टेबलाशी बसत होते. एकानं खिडकीकडे तोंड केलं, दुसऱ्यानं कपाटाकडे.

"मला तुमच्याकडून कबुली नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या नोकरीशी मला देणंघेणं नाही. मी लिफ्टवाली बाई. बुचं काढून झाल्यावर तुमच्या फळ्यावरचा एक खिळा रिकामा राहिला. तुम्ही सगळीकडं शोधलं. घंटा वाजवली असती तर भोंग्यावर नाव पुकारलं गेलं असतं आणि रेघेपलीकडचा माणूस जन्मभर चिडवत राहिला असता. म्हणून गुपचूप नवं बूच करून घेतलंत. खरं ना?"

थोरल्या साडूंच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो पाहून धाकट्या साडूंच्या चेहऱ्यावर जे हसू उमटू लागलं होतं ते अर्ध्यावरच विरलं. कारण प्रश्न त्यांनाही होता.

बाईंनी दोघांपुढे कागदाचा एकेक चिटोरा सरकवला. "बुचांना नंबर असतात. जे हरवलं त्याचा नंबर लिहा. एकमेकांना दाखवू नका. तीन माणसांसाठी लिहा."

थोरल्या साडूंनी लिहिलं. धाकट्यांनी पेन्सिल दोनदा खाली ठेवली, मग लिहिलं. बाईंनी दोन्ही चिटोरे उलटे करून टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

त्यांनी ते सुलटे केले.

१२. आणि १२.

साडूंनी अकरा वर्षांनंतर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमचंही?" थोरले म्हणाले.

"तुमचंही?" धाकटे म्हणाले.

"वस्तू हरवते तेव्हा कुठलीही हरवते," बाई म्हणाल्या. "आज तीन नंबर, उद्या नऊ नंबर. दोन वेगळ्या यानांवर, दोन वेगळ्या माणसांकडून, दोन वेगळ्या महिन्यांत तोच नंबर हरवत नाही. ते हरवलंच नव्हतं. जिथं लावलं होतं तिथंच होतं. तुम्ही दोघं एकदा, फक्त एकदा एकमेकांशी बोलला असतात, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बारा नंबर कुठं असतं?"

"पोटाशी," थोरले साडू म्हणाले. "म्हणजे असायचं. या वेळी ती नळी वर नेली, मानेशी. त्यावर ती नवी कॉलर बसते. आम्हाला वाटलं कॉलर लावणाऱ्यांनी बूच काढलं असेल आणि कुठंतरी पाडलं असेल."

"आणि कॉलर लावणाऱ्यांना वाटलं, बुचं काढणं हे फोरमनचं काम. त्यांनी बुचावरच कॉलर चढवली, फितीसकट." बाईंनी घड्याळ पाहिलं. "ती नळी कशाची?"

धाकट्या साडूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"उंचीमापकाची," ते बोटांमधून म्हणाले.

६

चाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही समितीच्या खोलीत घुसलो. घुसलो हाच शब्द. अध्यक्षांच्या हातात पेन होतं आणि पुढ्यात कळशीला पाठवायचा आदेश.

बाईंनी सगळं सांगितलं. अध्यक्ष ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा रंग उतरत होता, पण ते हट्टी माणूस. "हा तर्क आहे," ते म्हणाले. "वजनात चिकटा असू शकतो. दोन फोरमननी दोन बुचं हरवली, योगायोग असू शकतो. आपटताना बाहेर उडालेल्या नोंदपेटीत घागरीच्या उंचीमापकाचा शेवटचा आकडा आहे 'अवकाश'. तुटलेली तार नेमका तोच आकडा देते. छत्री गुंतली, हिसका बसला, तार तुटली."

"एका इमारतीत लिफ्ट खाली पडली होती," बाई म्हणाल्या. "वरचा आकडा मात्र सातवा मजला दाखवत होता. सगळे म्हणाले, आकडा बिघडला. तो बिघडला नव्हता साहेब. त्याला जेवढं कळत होतं तेवढं तो खरंच सांगत होता. तुमचं यंत्रही खरंच सांगत होतं. त्याच्या नळीतली हवा वर गेल्यावर बुचाच्या फटीतून हळूहळू निघून गेली. खाली येताना चार मिनिटांत ती परत कशी भरणार? घागर जमिनीवर आपटली तेव्हाही ते बिचारं समजत होतं आपण अवकाशातच आहोत. आणि जमीन आली हेच ज्याला कळत नाही, ते छत्री कशाला उघडेल? मुख्यही नाही, राखीवही नाही!"

"पुरावा," अध्यक्ष पुटपुटले. "वर तिघं आहेत. मला पुरावा द्या. बाहेर जाऊन कॉलर उघडायचे सूटसुद्धा वर नाहीत."

"पुरावा तुमच्याकडंच आहे. कळशी पाच आठवड्यांपूर्वी वर गेली. जाताना तिचा उंचीमापक काय दाखवत होता?"

अध्यक्ष थबकले. "चढताना तो कुणी बघत नाही. त्याचं काम उतरताना."

"पण नोंद होते?"

"नोंद सगळ्याचीच होते."

"मग लेखनिकसाहेबांना वाचू द्या. ते तरी शेरे वाचतात."

कागद छापून यायला सहा मिनिटं लागली. चार वाजून गेले, कुणाला भान नव्हतं. मी उभा राहून वाचू लागलो. उड्डाणानंतर एक मिनिट: कळशी दहा किलोमीटर उंचीवर. उंचीमापक: जमीन. पाच मिनिटं: कळशी अवकाशात. उंचीमापक: जमीन. नऊ मिनिटं: कळशी पृथ्वीभोवती फिरतेय. उंचीमापक...

मी कागद उजेडात धरला.

"उंचीमापक: जमीन," मी वाचलं. "एक तासानं, दोन किलोमीटर. तीन तासांनी, नऊ किलोमीटर. सात तासांनंतर... अवकाश."

सात तास त्या नळीतली कोंडलेली हवा फटीतून झिरपत होती, आणि ती झिरपणं आकड्याआकड्यानं आमच्यापुढे पडलं होतं. पाच आठवडे ते नोंदीत पडून होतं!

अध्यक्षांनी समोरचा आदेश उचलला आणि मधोमध फाडला. मग ते खाली बसले.

"ती कॉलर माझी," ते म्हणाले. "नळी वर न्यायची कल्पनाही माझी. नकाशा बदलला, आणि कामांचा क्रम बदलायचा राहिला. मीच विसरलो, आणि मी त्या मावशींच्या नावावर..."

"ते नंतर," लिफ्टवाल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता मूठ. तिला मूठ कधी ओढायची ते कसं कळणार?"

तिथंच नवी धोंड होती. उतरताना उष्णतेनं बाहेरची संदेशाची तार जळते आणि छत्रीबरोबर दुसरी बाहेर पडेपर्यंत यानाशी बोलता येत नाही. उंचीमापक आंधळा. आतलं मुख्य घड्याळ त्याच यंत्राला जोडलेलं, त्यावर विश्वास कोण ठेवणार? एकच मार्ग होता: यान हवेत घुसताना छातीवर येणारं दडपण ओसरलं की तिथून बरोबर दोनशे दहा सेकंदांनी मूठ ओढायची. लवकर ओढली तर कापड फाटेल, उशीर झाला तर संपलं.

"थरथरत्या यानात, डोळ्यांपुढं अंधारी आलेली असताना मनगटावरचं घड्याळही दिसत नाही. मनातल्या मनात दोनशे दहा सेकंद कोण मोजणार?" अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

७

शुक्रवारी सकाळी नियंत्रण कक्षात मावशींना एक मिनिट दिलं होतं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"जेवलीस का?"

"आई, इथं सगळे ऐकतायत."

"ऐकू दे. हे बघ, टेबलाखाली बसून मोजायचीस ना, तसंच मोज. घाई करू नकोस. हात धावला की घडी तिरकी जाते."

"किती घड्या?"

"दोनशे दहा."

"एवढ्याच? मला पाचशेपर्यंत येतं," लेक म्हणाली, आणि संपर्क तुटला.

त्यानंतरची मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. भिंतीवरच्या रडारवर एक ठिपका खाली येत होता. दडपण ओसरल्याची वेळ झाली तसे मावशींनी डोळे मिटले, मांडीवर रुमाल घेतला आणि त्या घड्या घालू लागल्या. ओठ हलत होते. मागच्या भिंतीशी दोन्ही साडू उभे होते, खांद्याला खांदा लावून, आणि थोरल्यांनी धाकट्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. शंभर. दीडशे. ठिपका पडतच होता. मला ओरडावंसं वाटत होतं की ओढ, ओढ गं बाई आता! दोनशे. दोनशे पाच.

"दोनशे दहा," मावशी मोठ्यानं म्हणाल्या.

काही झालं नाही. ठिपका खालीच येत होता.

दोनशे अकरा. दोनशे बारा. अध्यक्षांनी तोंड फिरवलं. दोनशे तेरा. मावशींच्या हातातला रुमाल निसटला.

आणि ठिपका अडखळला. मला आधी खरंच वाटेना. तो हळू झाला, आणखी हळू झाला, आणि भोंग्यातून खरखर आली.

"...आई? उघडली. पूर्ण उघडली. एकही घडी चुकलेली नाही!"

मग जो गलका झाला त्यात कोण कुणाच्या गळ्यात पडलं सांगता येत नाही. मी अध्यक्षांच्या पडलो होतो असं म्हणतात. मावशी मात्र खुर्चीत बसून हुंदके देऊन रडल्या, आणि रडता रडता खाली वाकून त्यांनी रुमाल उचलला.

चार दिवसांनी कळशी दालनात आली. दोन्ही साडूंनी मिळून कॉलर उतरवली. तिच्याखाली बारा नंबरचं बूच होतं, लाल फीत नीट दुमडून आत खोचलेली. धाकट्यांनी ते काढलं, थोरल्यांनी हातात घेतलं. दोघं फळ्याकडे गेले. बारा खिळे भरलेले होते. हे तेरावं टांगायला जागाच नव्हती. मग थोरल्यांनी ते लिफ्टवाल्या बाईंच्या हातावर ठेवलं आणि दोघंही काही न बोलता, पण एकाच दारानं, बाहेर गेले.

मी माझ्या खणातून बुधवारचं ते पान काढलं. 'जबाबदार: घडीकार.' ते फाडून टाकण्याचा हक्क मला नाही असं वाटलं, म्हणून मावशींकडे घेऊन गेलो. नव्या पानावर त्या जागी अध्यक्षांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, हेही सांगितलं.

मावशींनी चष्मा लावून जुनं पान शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी ते लांब टेबलावर ठेवलं आणि घडी घातली. एक. दोन. तीन. सहाव्या घडीनंतर त्याचा छोटासा जाड चौकोन झाला. त्या खाली वाकल्या, आखूड पाय उचलला आणि तो चौकोन त्याखाली सरकवला.

मग दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. ते डुगडुगत नव्हतं.